हवालदाराचा डावा डोळा

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. माझ्या धाकट्या भावालाही देवानं दोनच दिले, पण त्या दोघांचं आपसात जन्मापासून पटलं नाही. उजवा समोर बघायचा, डावा रुसून माहेरी निघालेला. आमची आई म्हणायची, जन्माचं चकणेपण, त्याला औषध नाही. आणि खरं सांगू? त्याला औषध नकोच होतं. त्या डोळ्यावर त्यानं घर चालवलं.

रेडिमेड कपड्यांच्या मोठ्या दुकानात दाराशी उंच स्टुलावर बसायचा, चोरांवर लक्ष ठेवायला. सगळे त्याला हवालदार म्हणायचे. मालकानं छताला कॅमेरे लावले, तर चोर कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे. पण हवालदाराकडे पाठ करायची कुठल्या बाजूनं? तो मोज्यांकडे बघतोय की माझ्याकडे, हेच कुणाला कळेना!

साठीनंतर तो डावा डोळा आणखी सरकला आणि ह्याला एकाचे दोन दिसायला लागले. घरात बोलला नाही, लबाड. चहा ओतायचा तो नसलेल्या कपात. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, टेबल पुसून पुसून दमली. मग एके दिवशी त्यानं एका गिऱ्हाइकाला दारात अडवलं. "बिल एका शर्टाचं आणि पिशवीत दोन? काढा बाहेर!" पिशवी उलटी केली, शर्ट एकच. आणि गिऱ्हाईक कोण, तर मालकाचे व्याही!

मालक म्हणाला, "हवालदार, डोळे दाखवून या. नाहीतर स्टुलावर दुसरा बसवतो."

तसाच माझ्याकडे आला. "ताई, मेलो गं. नाही दाखवलं तर नोकरी जाते. आणि डोळा सरळ झाला, तर मी कुठं बघतो ते चोरांना कळणार. म्हणजे तरीही जातेच."

"मग राहू दे तसाच. घरात दोन बायका दिसतात, सुख मान."

"ताई, बोलतात पण दोघी!"

मी आणि वहिनीनं त्याला धरूनच नेला. डॉक्टरीण अगदी पोरसवदा. तिनं त्याचं तोंड एका पेटीपुढे टेकवलं. पेटीत एक ठिपका इकडून तिकडे पळायचा आणि पेटी ह्याच्या दोन्ही डोळ्यांवर नजर ठेवायची. कुठला डोळा कधी, किती घसरला, सगळं पडद्यावर. हवालदाराचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर लोकांवर पाळत ठेवली, आता ह्याच्यावर ठेवणारी भेटली!

डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, लहानपणापासून तुमचा मेंदू ह्या डाव्या डोळ्याला गप्प बसवत होता. त्यानं बघितलेलं तुमच्यापर्यंत पोचतच नव्हतं. आता डोळा आणखी फिरला, मेंदूला आवरेना, म्हणून दोन दिसतात. डोळा ओढणारा स्नायू जरा सरकवून शिवू. मोठ्या माणसांचंही होतं आता. आणि टाक्याची गाठ सैल ठेवू. दुसऱ्या दिवशी जागेपणी तुम्हालाच विचारून पक्की करू."

"म्हणजे पायजम्याच्या नाडीसारखं!" मी म्हटलं. ती हसली, पण नाही म्हणाली नाही.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डोळ्यात बधिर करायचे थेंब घातले आणि समोर पेन धरलं. "किती पेनं?"

"दोन."

तिनं दोरा जरासा ओढला. "आता?"

"दीड."

आणखी ओढला. "आता?"

मी ओळखलं, ह्याच्या मनात काहीतरी शिजतंय. "बाई," हळूच म्हणतो, "मला एक दिसू द्या, पण लोकांना मी वाकडाच दिसू द्या. पोटाचा प्रश्न आहे."

"दोन्ही नाही मिळायचं, आजोबा."

वहिनी पुढे झाली. "ठेवा हो ते पेन. अहो, माझ्याकडे बघून सांगा, बायका किती?"

त्यानं बघितलं. दोन्ही डोळे एकदम तिच्यावर, लग्नानंतर पहिल्यांदा. ती बिचारी लाजली की. हा बराच वेळ बघत राहिला.

"एकच आहे," म्हणाला. "पण एवढी पिकलीस कधी गं?"

"बांधा, बाई, गाठ बांधा!" वहिनी ओरडली. "दिसतंय त्यांना!"

उजेडाचा त्रास नको म्हणून थोडे दिवस घालायला काळा चष्मा दिला. तो चढवून हवालदार भीत भीत स्टुलावर बसला. आणि गंमत बघ, काळ्या काचेमागे हा कुठं बघतोय, हे तर आता देवालाही कळेना! पहिल्याच दिवशी तीन विजारी एकीवर एक चढवून निघालेल्याला धरला. मालकानं त्या स्वतः मोजल्या. त्याला वाटलं, ह्याला आता एकाचे तीन तर दिसत नाहीत? तीनच निघाल्या. स्टूल वाचलं. तेव्हापासून दुकानात तो चष्मा काही उतरला नाही.

घरी मात्र उतरायचा. एकदा वहिनी त्याला तिच्या बहिणीच्या सासूची कथा सांगत होती. बघते तर ह्याचे दोन्ही डोळे टीव्हीवर.

"म्हणजे इतकी वर्षं मी बोलत होते, तेव्हा तुम्ही..."

"अगं, एक डोळा तुझ्याकडेच असायचा!"

"कुठला? तो, मेंदूनं गप्प बसवलेला?"

दुसऱ्या दिवसापासून हा घरातही काळा चष्मा लावून टीव्हीपुढे. मग वहिनी काय करते, ऐक नीट. तो दारातून आत आला की चष्मा काढून घेते आणि कपाटात कुलपात टाकते. सकाळी डब्याबरोबर परत देते.