अल्टरनेटर गेला, पण गाणं झालं!

मंडळी, आज आमच्या जुन्या डिझेल गाडीनं लाज राखली!

घशाच्या ऑपरेशननंतर माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, आज शहराच्या दुसऱ्या टोकाला, मल्लेश्वरममध्ये पहिलंच गाणं होतं. निघालो, आणि व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्येच बॅटरीचा लाल दिवा लागला. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर पुन्हा गेला!

"कॅब बघू का?" अक्का घाबरली.

"नको. एकदा चालू झाल्यावर या इंजिनाला बॅटरी फारशी लागत नाही. फक्त बंद पडू द्यायचं नाही."

एसी बंद केला, काचा उघडल्या. प्रत्येक सिग्नलला माझा जीव मुठीत. अक्का मात्र आलापी करू लागली. शेजारचा रिक्षावाला ओरडला, "सूपर, मेडम!"

वेळेत पोचलो. अक्का गायली, आणि काय गायली!

घरचे म्हणतात, गाडी विका. तुम्ही विकली असती?