परमिशन मागाची होती, मायची नाही

अन्याय झाला तो माझ्या मायवर. १९८१ च्या जानेवारीत, तांडापेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पानठेल्यावर. भर सकाळी, सगळ्या गल्लीदेखत.

मी कॉलेजला निघाले होते. ठेल्यावर चार-पाच माणसं उभी होती. रोजचीच. त्यातला एक मला बघून दात काढत म्हणाला, "काय वं, तुह्या मायले सांगजो, आता घरी नाई बसली तरी चालते. आमच्यापाशी बसली हाय वर्षभर."

आणि बोट दाखवलं.

सुपारीच्या डब्यांच्या वर, खिळ्याला, नव्या वर्षाचं कॅलेंडर. सीताबर्डीच्या एका कापड दुकानाचं. वर दुकानाचं नाव, खाली महिने, मधे माझी माय.

लुगडं मांड्यांपर्यंत खोचलेलं. अंगात चोळी नाही. पदर खांद्यावरून घसरलेला. उघड्या पाठीवर घाम. नजर खाली. खाली कशाकडे, ते फोटोत नव्हतं. तिचा हातमाग नव्हता, धोटा नव्हता, विणत असलेलं लुगडं नव्हतं. सगळं छाटून टाकलेलं. उरलेल्या बाईखाली लिहिलं होतं, 'ग्रीष्म'.

मी कॅलेंडर ओढलं. अर्धं हातात आलं. ठेलेवाला ओरडला, "फाडून कायले राहिली वं? बाकीच्या दुकानाइत बी हायेच ना!"

खरं बोलला तो. सलूनमध्ये होतं. आटाचक्कीवर होतं. माझे बाबा मिलमध्ये जात, तिथल्या कँटीनमध्येही होतं. त्या संध्याकाळी बाबा घरी आले ते जेवलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून मायला एवढंच म्हणाले, "तू त्याले घरात काहून येऊ देल्लं?"

काहून येऊ दिलं, ते सांगते.

आदल्या मे महिन्यात विणकर सोसायटीचा एक कारकून सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबाला घेऊन आमच्या घरी आला. साहेबाच्या गळ्यात कॅमेरा. कारकून म्हणाला, "साहेबाइले मागाचा फोटो पाहिजे."

मागाचा फोटो. हाच शब्द. मी तिथे होते. माठातलं पाणी मीच दिलं साहेबाला.

माय हरखली. तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला खड्डामाग. त्याचा फोटो काढायला कोणी सिव्हिल लाइन्समधून येतो! तिने माग झटकला. लाकडाला तेलाचा हात फिरवला. आम्ही मागाला हळदकुंकू लावतो ते दसऱ्याला. त्या दिवशी तिने ते मे महिन्यात लावलं. मागावर चढलेल्या लुगड्याचा काठ नीट दिसावा म्हणून तो ओला हात फिरवून सरळ केला. स्वतःचे केससुद्धा विंचरले नाहीत. कशाला विंचरेल? फोटो तिचा नव्हताच.

साहेब म्हणाला, "दार उघडं ठेवा, उजेड हवा. आणि बाई, तुम्ही रोज बसता तशाच बसा. मी आहे हे विसरून जा."

माय रोज बसते तशी बसली. ज्याने खड्डामाग पाहिला नाही त्याला सांगते. विणणारीचे पाय खड्ड्यात असतात, दोन्ही पायांनी पावड्या दाबायच्या असतात. लुगडं घोट्यापर्यंत ठेवलं तर पावडीत अडकतं. म्हणून खोचावं लागतं. आणि मे महिन्यात पत्र्याखाली चोळी घालून दिवसभर माग चालवून दाखवावा त्याने, ज्याला यात ग्रीष्म दिसला.

साहेब खूप वेळ होता. जाताना मागाला नमस्कारही केला त्याने. माय दोन दिवस तेच सांगत होती शेजारणींना. "मागाले हात जोडले वं साहेबानं!"

जानेवारीत त्याच शेजारणी आमच्या दारावरून मान खाली घालून जाऊ लागल्या.

आम्ही पोलिसात गेलो. मी आणि माय. तिने डोक्यावरून पदर घेतला होता, हनुवटीपर्यंत ओढलेला. इन्स्पेक्टरने कॅलेंडरचा तुकडा बघितला, जरा जास्तच वेळ बघितला, आणि म्हणाला, "फोटो काढायची परमिशन दिली होती ना?"

माय म्हणाली, "साहेब, मी मागाची परमिशन देल्ली. माही नाई देल्ली."

ठाण्यात हशा पिकला. एक हवालदार तर बाकावर हात आपटून हसला.

"हात लावला का त्यांनी? नाही. काही चोरलं? नाही. मग लिहू काय? आणि बाई, दार उघडं होतं. उघड्या दारात कसलं आलं खासगी?"

"दार त्यानंच उघडाले लावलं," माय म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

मी म्हणाले, घरात रेडिओ ठेवायचा तर सरकारचं लायसन लागतं. सायकलला बिल्ला लागतो. रात्री कंदील नसला तर तुम्ही हवा सोडता चाकातली. आणि कोणाच्याही घरात शिरून बाईचं अंग घेऊन जायचं यंत्र, त्याला काहीच नियम नाही?

इन्स्पेक्टर म्हणाला, "छान बोलते पोरगी. वकील हो."

मग मी साहेबाच्या बंगल्यावर गेले. त्याने बसायला सांगितलं. समोरच्या भिंतीवर त्याच्या आईचा फोटो होता. खुर्चीत बसलेली, दोन्ही खांद्यांवर पदर, हातात पुस्तक, नजर थेट समोर. तिला सांगून काढलेला. तिला तयार व्हायला वेळ देऊन काढलेला.

साहेब म्हणाला, "अगं, कलेत व्यक्ती नसते. आकार असतो. त्या दुकानदाराला आवडला म्हणून दिला मी."

"आम्हाला निगेटिव्ह द्या."

"निगेटिव्ह कशी देईन? कॅमेरा माझा, रोल माझा."

"अन् पाठ कोणाची?"

तो हसला. रागावला नाही, हे मुद्दाम सांगते. समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे बघ, तुमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्याच बायका तशा बसतात. त्यात लाजण्यासारखं काय आहे? हवं तर एक मोठी प्रत फ्रेम करून देतो आईला."

मी उठले. पाणी आणलं होतं त्याच्या नोकराने. ते प्यायले नाही.

घरी आले तर मागाचा आवाज नव्हता. माय खड्ड्यात पाय सोडून नुसती बसली होती. लुगडं घोट्यापर्यंत. म्हणाली, "आणली का काळी पट्टी?" निगेटिव्हला ती तेच म्हणायची. मी नाही म्हणाले. तेव्हा ती बोलली ते माझ्या कानात अजून आहे. "ते पट्टी त्याच्यापाशी हाय तोवर मी त्याच्या कपाटात हाओ बाई. त्याले वाटन तवा काढन, वाटन त्याले दाखवन."

दुसऱ्या आठवड्यात मी एका मैत्रिणीचा डबा कॅमेरा आणला. सकाळी साहेबाच्या बंगल्यासमोर रस्त्यावर उभी राहिले. फाटकाच्या बाहेर. सरकारी रस्ता. साहेब व्हरांड्यात, सगळ्या रस्त्याला दिसेल असा, बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर बसलेला. नोकर डोक्याला तेल चोळून राहिला होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

साहेब ताडकन उठला. पेपर छातीशी धरला. "ए! काय चाललंय? मला न विचारता?"

ऐकलंत? मला न विचारता.

"रोज बसता तसेच बसा," मी म्हणाले. "मी आहे हे विसरून जा."

तो आत पळाला. टेलिफोन होता त्याच्याकडे. आमच्यासाठी कधी गल्लीत न आलेली जीप तिथे मी घाम पुसेपर्यंत आली. तोच इन्स्पेक्टर. उतरता उतरता ओरडला, "लाज नाही वाटत? साहेबांचं खासगी आवार आहे हे!"

कमरेइतकी भिंत, रस्त्यावरचा व्हरांडा, तो खासगी. आणि आमच्या चार भिंती, आमचा पत्रा, आमचा खड्डा, तो चव्हाटा.

मी कॅमेऱ्याचं झाकण उघडून दाखवलं. आत रोल नव्हता. इन्स्पेक्टरने आत बोट फिरवून बघितलं. "मग हा तमाशा कशाला?"

"तुमच्या तोंडून तो शब्द ऐकायचा होता."

मला संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवलं. आणि कॅमेरा जप्त केला. त्याचा नाही. माझ्या हातातला, रिकामा.

आज माय दार लावून, बल्ब लावून विणते. पत्रा तापतो. लुगडं पावडीत अडकतं, सूत तुटतं, ती पुन्हा गाठ मारते. निगेटिव्ह अजून त्या बंगल्यातच आहे. मी ती आणणार. कोर्टातून आणणार, कायदा करून आणणार, आणि कायदा होईपर्यंत दर रविवारी त्या फाटकापुढे रिकामे हात कॅमेऱ्यासारखे डोळ्यापुढे धरून उभी राहणार. मला समेट नको. त्याची माफीही नको.

आमची मागणी साधी आहे. कोणाच्या घरात कॅमेरा न्यायचा तर काय टिपणार ते आधी सांगा. जिचा चेहरा, जिचं अंग, तिने हो म्हटल्याशिवाय छापू नका. तिने नाही म्हटलं तर निगेटिव्ह तिच्या हातात द्या. हे मोडणाऱ्यावर खटला भरा, मग तो सिव्हिल लाइन्सचा असो की सीताबर्डीचा.

तुम्ही हे वाचून हळहळलात तर त्याचा मला उपयोग नाही. तुमच्या भिंतीवर कोणती बाई टांगली आहे ते उठून बघा. पाणी भरणारी, भाताची रोवणी करणारी, पाटी उचलणारी. तिला विचारलं होतं का? माहीत नसेल तर ते पान आत्ता उतरवा. आणि हिवाळी अधिवेशन भरेल त्या पहिल्या दिवशी विधानभवनावरच्या आमच्या मोर्चात या. एकटे येऊ नका. तुमच्या घरातल्या बाईला विचारा, आणि ती हो म्हणाली तर तिला पुढे चालू द्या.