माहेरचा रकाना

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा पांढरकवड्याच्या दुकानात मी त्यांच्याच आरोग्य उपकेंद्राचा टॅब दुरुस्त करत होतो. फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकावर उगाच खेकसलो...

रेडिओ दुरुस्तीपासून मी इथवर आलो. घासाघीस केल्याशिवाय साधा स्क्रूही घेत नाही. नर्सबायांना गरोदर बायांच्या नोंदी टॅबवर करायला शिकवण्याचं काम मिळालं, तेव्हा महिनाभरात सगळ्या वह्या बंद करून दाखवतो, असं वरच्या साहेबांना सांगून बसलो. झाल्याही बंद. एकट्या सुमनताईंची सोडून. भर प्रशिक्षणात मी ती वही ओढली.

"काहून ओढून राह्यले भाऊ? तुमच्या टॅबमंदी माहेर कुठं लिहू?"

"माहेराचं काय काम?"

"पहिलं बाळंतपण पोरगी सासरी करते काय? लगन झालं का नाही तुमचं?"

सगळ्या जणी हसल्या. तो अपमान मी बरेच दिवस मनात धरला. पण ताईंचं खरं होतं. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाई, टॅबमधलं नाव सासरच्या गावातच राही. इथे ती सापडत नसे, तिथे तिची नोंद नसे. ताई दर सोमवारी वही उघडून माहेरच्या गावच्या नर्सबाईला फोन लावत, "माही पोरगी तुमच्याकडं आली. रक्त कमी आहे तिचं, पाहून घेजो."

तो एक रकाना टॅबमध्ये घाला म्हणून मी साहेबांशी भांडलो. "पुढे पाहू," एवढंच उत्तर. शोकसभेत त्याच साहेबांनी टॅबचं कौतुक केलं, वहीचं नाव काढलं नाही. राग आला, पण कोणत्या तोंडाने बोलणार? तुमचं बरोबर होतं, हे मीही ताईंना कधी सांगितलं नाही...

परवा त्यांच्या यजमानांनी वही माझ्या हातात ठेवली. "तुमालेच द्या म्हणे." सोमवारी वही आणि टॅब घेऊन उपकेंद्रात गेलो. ताईंची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली. नवी नर्स वहीकडे पाहत म्हणाली, "सर, वह्या तर तुम्हीच बंद केल्या ना?"

मी शेवटचं पान उघडलं. ताईंच्या अक्षरात एक नाव, नववा महिना, रक्त कमी. माहेर वणीकडचं. पुढे तिथल्या नर्सबाईचा नंबर.

"लाव फोन."

"काय सांगू?"

"सांग, आमची पोरगी तुमच्याकडं आली."