कोलशेत प्लांटची खुर्ची

विश्रामला नुसतं "पाणी पिणार का?" विचारलं, तरी तो आधी "कशाला?" म्हणतो. कोलशेतच्या आमच्या काँक्रीट प्लांटचा तो ऑपरेटर. सिमेंट, वाळू, खडी, पाणी किती पडायचं, ते तो खुर्चीत बसून ठरवतो. मी नीला, भरलेल्या गाड्या साइटवर सोडणारी. इतक्या वर्षांत त्याला बिनघोर असा मी पाहिलेलाच नाही.

आमची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली, तेव्हा पेढे वाटले. विश्रामने पेढा कागदात गुंडाळून ठेवला. "माझ्या बापाच्या कारखान्यातही आधी पेढेच वाटलेले, नीलाताई. मग कुलूप." थोड्याच दिवसांत त्या कंपनीचा केदार आला आणि विश्रामच्या शेजारी स्टूल टाकून बसला. खुर्ची एक, माणसं दोन. झालं, विश्रामची झोप उडाली.

केदार विचारायचाही फार. "दादा, हे बटण आधी का? दादा, रोज शहाडहून येता? त्रास होत असेल ना?"

"कशाला?"

मग माझ्याकडे तक्रार. "बघितलंत? घरापर्यंत पोचला. आपल्या मॅनेजरने, शिवानी मॅडमनेच पेरलाय त्याला."

"अरे, शिकतोय तो."

"शिकला की मी घरी!"

या माणसाचा मला राग यायचा. पण त्याची भीती काही खोटी नव्हती. सकाळी निघताना त्याची लेक सान्वी झोपलेली, रात्री पोचतो तेव्हाही झोपलेली. एवढी पायपीट करून टिकवलेली नोकरी जाणार, या धास्तीने तो जेवायलाही खुर्ची सोडेना.

ढोकाळीच्या एका टॉवरचा पाया भरायचा दिवस आला. आमच्याकडे खुर्चीवरचा माणूस बदलताना एक रीत आहे, जाणाऱ्याने येणाऱ्याला वाळूची ओल सांगायची. धूळ उडू नये म्हणून ढिगावर फवारा मारतात. वाळू भिजली की मिश्रणात वरून घालायचं पाणी तेवढं कमी करायचं. त्या दिवशी फवारा बराच वेळ चाललेला. विश्राम उठला, डबा उचलला आणि केदारला एवढंच म्हणाला, "बस."

काँक्रीट आमटीसारखं पातळ गेलं. साइटवाल्यांनी गाड्या परत पाठवल्या. केदारने सगळी बोलणी ऐकून घेतली, पण विश्रामचं नाव घेतलं नाही. विश्राम त्या दिवशी स्वस्थ जेवला.

पुढच्या आठवड्यात शिवानी मॅडमने आम्हा तिघांना बोलावलं.

"विश्राम, आंबिवलीला आपला नवा प्लांट सुरू होतोय. तुमच्या घराजवळ, म्हणून मी तुमचंच नाव दिलेलं. मर्जर पक्कं होईपर्यंत बोलता येत नव्हतं. केदार इथे तयार झाला की तुम्हाला सोडणार होते. पण आता टॉवरची कामं त्याच्यावर कशी टाकू? आंबिवलीला सुरुवातीला काम लहान आहे, तिथे तो जाईल. इथली खुर्ची तुमचीच."

मला विश्रामची कीव आली, आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं.

बाहेर आल्यावर केदार त्याच्या मागोमाग आला. "दादा, तुम्ही तिकडचेच. शहाडला माझ्यासाठी एखादी खोली बघाल का?"

"बघतो," विश्राम म्हणाला. 'कशाला?' असं त्याने विचारलं नाही.