कधीच न पडणारी

बाईंची उभी हयात ज्यूदो शिकवण्यात गेली. व्यायामशाळेतल्या जाड चटयांवर त्यांनी भल्याभल्यांना पाणी पाजलं. नव्या माणसाला मात्र पहिले कित्येक आठवडे त्या एकच गोष्ट करायला लावायच्या, ती म्हणजे पडणं. हनुवटी छातीला लावायची, हात जमिनीवर आपटायचा, डोकं सांभाळायचं. दुसरा नियम त्याहून कडक होता. खाली पडलेल्याने तळहाताने दोनदा थाप मारल्याशिवाय त्याला कोणी उठवायला जायचं नाही. थाप म्हणजे ‘आता पुरे, मला हात द्या’. आपण होऊन मदतीला धावणाऱ्याला बाई भर वर्गात फैलावर घ्यायच्या.

मग त्यांचाच उजवा हात थरथरू लागला. चालता चालता दारात आलं की पाय जमिनीला चिकटायचे आणि काही केल्या पुढे पडायचे नाहीत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बाईंनी व्यायामशाळेची किल्ली परत केली आणि त्या विषयावर मूग गिळून बसल्या.

बाईंच्या घरातलं जेवणाचं टेबल ऐसपैस होतं. त्यावर डोळा ठेवून बहिणीच्या मुलीने रविवारची दुपार मागून घेतली. तिला रोल प्लेइंग गेमचं वेड होतं. प्रत्येकाने एक पात्र मनाने घडवायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांवर सोडायचं. गोष्ट पुढे न्यायचं काम भाचीचं. खेळायला बाईंचा जुना शिष्य बेकरीवाला यायचा, आणि भाचीच्या ओळखीचा एक चष्मेवाला.

पहिल्या दिवशी बाईंनी नाक मुरडलं. “घोड्याएवढे झालात आणि भातुकली खेळताय!” दुसऱ्या रविवारी त्या खुर्ची ओढून बसल्या. चष्मेवाल्याने एक भिक्षू बनवला होता. तरुणपणी त्याच्या हातून गाव जळालं होतं, आणि आता त्याला उडी मारून लाथ घालायची विद्या हवी होती.

“याला कशाची भीती वाटते?” बाईंनी विचारलं.

“पुन्हा कुणाचं वाईट होईल याची.”

“मग तो लाथ घालेल का हो? हा माणूस आधी हात उचलणारच नाही. याला पकडी द्या. समोरच्याचं मनगट धरेल, शस्त्र गळेपर्यंत सोडणार नाही. बस.”

चष्मेवाल्याने खोडरबर घेतलं. बेकरीवाल्याचा द्वारपाल गरगर फिरून ठोसे मारायचा, त्याचीही तीच गत झाली. ज्याची सगळी माणसं घर सोडून गेली तो आपली जागा कशी सोडेल, असं म्हणत बाईंनी त्याला पाय रोवून उभं केलं आणि समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटवायची कला दिली. पुढे गोष्टीत त्या द्वारपालाला दार सोडून जावं लागलं, तेव्हा आडदांड बेकरीवाल्याचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून बाईंचा प्रश्न हाच टेबलावरचा कायदा झाला. भीती सांगितल्याशिवाय विद्या नाही.

भाचीचं लक्ष खेळात असायचं, तसं मावशीच्या बाह्यांकडेही असायचं. भर उन्हाळ्यात मावशी मनगटापर्यंत बाह्या घालू लागली होती, आणि एकदा कप उचलताना बाही सरकली तेव्हा आतला काळानिळा डाग दिसला होता. मावशी बाथरूमला आतून कडी लावायची. आत पडली तर दार फोडावं लागलं असतं. “मी इथे राहायला येते,” असं भाचीने किती वेळा म्हणून पाहिलं. “मी काय कुकुलं बाळ आहे?” एवढंच उत्तर मिळायचं. भाचीचा जीव टांगणीला लागला होता.

एका रविवारी बेकरीवाला म्हणाला, “बाई, आता तुम्हीच एक पात्र घ्या ना.”

बाईंना जणू तेच हवं होतं. थरथरत्या अक्षरात त्यांनी झरझर लिहिलं. एकटी भटकणारी म्हातारी. भिंतीवरून झेप. दगड फोडणारा ठोसा. आणि लोखंडी पाय, म्हणजे हिला कुणीही, कधीही पाडू शकत नाही.

भाचीने कागद वाचला. “हिला कशाची भीती वाटते, मावशी?”

“कशाचीच नाही.”

“मग हिला विद्या देता येणार नाही. नियम तुझाच आहे.”

“मला नियम शिकवतेस?” बाई ताडकन उठल्या आणि पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघराकडे निघाल्या. दारात पाय चिकटले. अंग पुढे गेलं, पाय मागेच राहिले, आणि बाई कोसळल्या. शरीर मात्र काही विसरलं नव्हतं. खांदा वळला, हनुवटी छातीला लागली, हात फरशीवर आपटला.

चष्मेवाला धावला. बेकरीवाल्याने त्याचा दंड धरला. “थांबा. त्यांनी थाप मारलेली नाही.”

“अहो, वेड लागलंय का तुम्हाला?”

भाची खुर्चीतून अर्धी उठून तशीच उभी राहिली. तिलाही धावत जावंसं वाटत होतं. पण न विचारता उचललं तर मावशी उद्या सगळ्यांनाच दार बंद करील, हे तिला ठाऊक होतं.

बाई फरशीवर पडून छताकडे पाहत होत्या. दुखत फारसं नव्हतं. दर वेळी अशाच पडायच्या, मग टेबलाच्या पायाला धरून, नळाला धरून कशाबशा उठायच्या आणि बाह्या खाली ओढायच्या. मागच्या वेळी कडी लावलेल्या दाराआड उठताच येत नव्हतं, तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली होती. तरीही त्यांनी हाक मारली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांना थाप मारायला शिकवलं आणि स्वतःला ती एकदाही जमली नाही, याची त्यांना त्या फरशीवर भयंकर लाज वाटली.

त्यांचा हात हलला. थरथरीने हलला की मनाने, ते कुणालाच कळेना. मग तळहात उचलला गेला आणि फरशीवर दोनदा पडला.

भाचीने त्यांना काखेत हात घालून उठवलं, खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. बाईंनी कागद पुढे ओढला, लोखंडी पाय खोडले आणि त्या जागी लिहिलं, पडता येतं.

“आणि भीती?” भाचीने हळूच विचारलं.

बाई बेकरीवाल्याकडे वळल्या. “त्या खणात पेचकस आहे. बाथरूमची कडी काढून टाक.”

तो उठला. बाईंनी फासे मुठीत घेतले, आणि हात थरथरतोय तसाच थरथरू दिला. “आणि तू,” त्या भाचीला म्हणाल्या, “येताना तुझी उशी घेऊन ये. माझ्याकडे एकच आहे.”