मार्थाच्या टेबलावरचे देव

आखातात, सलव्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कायमचं कोणीच नाही, पण किस्से साचत जातात. एसीच्या जाळीत धूळ साचते तसे. माणसं निघून जातात आणि आपण आठवत बसतो.

पहिला विनूदादाचा. माझा चुलतभाऊ, शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटाच. कपाटात देवघर. त्यातला बाळकृष्ण गावाहून निघताना काकूनं हातात ठेवलेला. "याला एकटं ठेवू नकोस रे!" एकदा उदबत्तीनं स्मोक अलार्म वाजला आणि हारिस, म्हणजे आमचा वॉचमन, धावत वर आला. तेव्हापासून बॅटरीची समई! "देवाचं काही म्हणणं नाही, हारिसचं आहे!" दादा म्हणतो.

*

तिसऱ्या मजल्यावर मार्था, वेल्सची, शाळेत शिकवते. तिचा धर्म जुना, निसर्गाला मानणारा; तिकडे काही लोक आता पुन्हा पाळतात. तिच्या पूजेच्या टेबलावर खैरानच्या किनाऱ्यावरचे शिंपले, मेणबत्ती, वाटीत मीठ आणि एका लहान मुलीचा फोटो. एकदा तिनं उकडलेली अंडी दिली, मी खुशाल ते मीठ घेतलं!

"ते घराच्या रक्षणासाठी होतं. आता तू आतून सुरक्षित!"

फोटोतली तिची मुलगी सहाव्या वर्षी गेली, हे मला नंतर कळलं. फार लाज वाटली.

*

ते टेबल अर्दियाच्या गोडाऊनमधून हमीदभाईंनी आणलेलं. श्रीवर्धनचे, तळमजल्यावर राहतात. "पूजेसाठी आहे, चालेल ना?" मी विचारलं.

"मी फकत टेबल पोचवतो. वर कोन बसतो ता तुमचा तुमी बगा!"

*

वर्षातून एकदा मार्था गेलेल्यांसाठी ताट वाढून ठेवते. विनूदादानं ते निरखून पाहिलं. "पाणी विसरलात," म्हणाला आणि उठून ग्लास भरून ठेवला.

*

मग काकू गेली. दादाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रिन्यूअलला अडकलेला, जाता आलं नाही. वर सूतक. देवांना त्यानं हात लावायचा नाही, भाऊबंद म्हणून मीही नाही.

"बाळकृष्ण एकटा पडला रे," म्हणत तो रडला.

मार्था दारात उभी होती. तिला सगळं समजावून सांगितलं. "मला कुठे सूतक आहे?" म्हणाली आणि देव घेऊन गेली. तेरा दिवस रोज अंघोळ, गंध, सगळं विचारून विचारून केलं.

चौदाव्या दिवशी आम्ही देव आणायला गेलो. बाळकृष्ण मुलीच्या फोटोशेजारी बसला होता. पुढ्यात खेळण्यातला लाल कप, त्यात दूध.

दादानं बाकीचे देव रुमालात बांधले.

"हा राहू दे इथेच. माझ्याकडे दिवसभर एकटाच असतो."