अस्वलाची तहान

लग्न होऊन मी दिवाळे गावच्या कोळीवाड्यात आले, त्याच्या पुढच्या वर्षी जवळच बेलापूरला, नव्या शहरासाठी टाकलेल्या भरावाच्या मैदानात सर्कस आली. शहराचा अजून पत्ता नव्हता, तंबू मात्र आधी लागला. सर्कशीतला अस्वलवाला रोज सकाळी मासळी विकणाऱ्या माझ्या सासूबाईंकडून खारवलेले बांगडे न्यायचा. अस्वलाला फार आवडतात म्हणायचा. माणसाला कधी शेपटीही वर न देणाऱ्या सासूबाई अस्वलासाठी एक बांगडा जास्तीचा टाकायच्या. मुक्या जिवाचं कोण करतं, म्हणायच्या. घरात मी तोंड असून मुकीच होते, पण ते असो.

एकदा त्याने आम्हा दोघींना दुपारच्या खेळाला फुकट बसवलं. अस्वल सायकलवरून आलं, टेबलापाशी उतरलं, दोन पायांवर उभं राहून त्याने बाटली तोंडाला लावली आणि एका दमात संपवली. रिकामी बाटलीही सोडीना, चाटतच बसलं. लोक 'बेवडा, बेवडा' म्हणून शिट्ट्या मारत होते. मीही पदरात तोंड खुपसून हसले. एकट्या सासूबाई हसल्या नाहीत.

खेळ सुटल्यावर त्या तडक तंबूमागे गेल्या. खुंट्याला बांधलेलं अस्वल ओली माती चाटत होतं. ह्याला पाणी का नाही, असं त्यांनी विचारलं. अस्वलवाला देशावरचा गडी, त्याला लपवण्यासारखं काही वाटलंच नाही.

"मावशे, पानी पाजलं तर बाटलीपायी सायकल कशाला हाणंल त्ये? सकाळी तुझा बांगडा द्यायचा, मग खेळापत्तुर थेंब न्हाई."

वर असा खारट मासा दुसरीकडे मिळत नाही, असं कौतुकही केलं.

 अस्वलवाला गेल्यावर सासूबाईंनी घोड्यांपुढची पाण्याची बादली उचलून 'पी रं पोरा' म्हणत अस्वलापुढे ठेवली. अस्वल ती तळापर्यंत प्यायलं.

संध्याकाळच्या खेळात ते सायकलवर बसलंच नाही. आम्ही तंबूमागेच थांबलो होतो. अस्वलवाल्याने त्याला ओढत आणलं, तीच बादली भरून पुढ्यात ठेवली. अस्वलाने तोंड घातलं की नाकावर लोखंडी सळई. पुन्हा बादली पुढे, पुन्हा सळई. आम्हाला बघून तो चिडलाही नाही. शिकवावं लागतं, एवढंच म्हणाला. मेल्याच्या हाताला किडे पडोत, असं मी मनात म्हटलं, आणि आजही म्हणते.

दुसऱ्या दिवशी त्याने मासे शेजारणीकडून घेतले. सासूबाईंनी मासळीची पाटी घरीच ठेवली आणि कळशी भरून मैदानावर गेल्या. मीही मागोमाग गेले. अस्वलवाला आसपास नव्हता. अस्वलाची जीभ बाहेर लोंबत होती. सासूबाईंनी कळशी समोर ठेवली, तसं ते साखळी ताणून मागे सरलं आणि दोन्ही पंजांनी नाक झाकून बसलं.

"पी रं पोरा," सासूबाई म्हणाल्या. "मी हाय नं, पी."

त्यांचा आवाज ऐकून ते आणखी मागे सरलं.